दहाव्या वाफ्यातली सभा

सांगली,
२ ऑगस्ट २०२५

ती. मामा,
नमस्कार.

काल मामींचा फोन आला. तुमच्या शेतातले आले पिवळे पडू लागले आहे आणि तुम्ही कोणाशी न बोलता नुसते बांधावर उभे राहता, असे त्या म्हणाल्या. तुम्हाला फोनवर काही सांगण्यात अर्थ नाही. तोफखान्याच्या सतरा वर्षांनी एक कान पूर्ण नेला, आणि दुसऱ्या कानातले यंत्र मोबाइल जवळ आणला की शिटी मारते. शिवाय तोंडी निरोपावर तुम्ही काही करत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून लिहितो आहे.

मी कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काय काम करतो असे तुम्ही मागे विचारले होते. काचेची भांडी धुतो, ती वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये निर्जंतुक करतो, आणि जीवाणू वाढवायला लागणारी आगरची खळ शिजवून बशांमध्ये ओततो. बशी ओतताना बुडबुडा राहिला तर मला झोप लागत नाही. आमच्या चारुलता मॅडमना मी तुमच्या आल्याबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, आले कुजते ते कधी बुरशीने, कधी जीवाणूने. तुम्ही महिनाभर ओतत आहात ते औषध बुरशीचे आहे. रोग जीवाणूचा असेल तर ते औषध म्हणजे नुसते पाणी.

ओळखायची रीत सोपी आहे. पिवळ्या पडलेल्या एका झाडाचे खोड बुडाजवळ धारदार सुरीने तिरके कापा. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या (स्टीलचा नको, आतले दिसणार नाही) आणि कापलेले टोक पाण्यात धरा. हात हलू देऊ नका. दोन-तीन मिनिटांत टोकातून दुधासारखी पांढरी तार खाली सुटली तर जीवाणू. नाही सुटली तर दुसरे काही.

सुरी नंतर उकळत्या पाण्यात घाला.

तुमचा,
साईराज

~

मुक्काम शेत, उंब्रजजवळ
९ ऑगस्ट

चि. साईराज,
आशीर्वाद.

मी बोलतो तसंच लिहितो. तुझ्यासारखं शुद्ध लिहायला बसलो तर आल्याची सुंठ हुईल.

तुझ्या मॅडमनी सांगितलं तसं केलं. चहाचा काचेचा ग्लास घेतला. एक मिनिट काय न्हाई. मग खोडातनं पांढरी तार सुटली, सुईत ओवायच्या दोऱ्याएवढी, आन सरळ तळाला गेली. तुझी मामी बघत हुती. ती तिथंच ओट्यावर बसली. तुला ठाव हाय, हे बेणं तिनं तिच्या माहेरनं आणलंय. एकोणीस वर्सं आमी बाहेरनं बेणं घेतलं न्हाई, हेच राखून हेच लावतो. त्यात ह्यो रोग शिरला म्हंजे बेणं राखायचं बंद. तिला पिकापेक्षा त्याचं जास्त लागलंय. मलाबी.

पंधरा गुंठ्यात दहा गादीवाफे हायती. आज सकाळी एकेका वाफ्यात फिरून रोगट झाडं मोजली. घराच्या बाजूनं पहिला वाफा धरून:

० – १ – १ – ३ – ४ – ७ – ९ – १४ – १७ – २३

पहिल्या वाफ्यात एकबी न्हाई. जमिनीचा उतार दहाव्याकडनं पहिल्याकडं हाय, म्हंजे पावसाचं पाणी सगळ्या वाफ्यांचं तिथंच येतं, तरी त्यो ठणठणीत. त्या मातीत काय तरी हाय.

हे किडे करत्यात तरी काय? आन लागवड मे महिन्यातली, मग आत्ताच का उठले? तवा झोपले हुते?

तुझ्या बारावीच्या फिजिक्सच्या पेपरचं काय झालं ते तू लिवलं न्हाईस.

हंबीरराव (निवृत्त हवालदार)

~

सांगली,
१४ ऑगस्ट

ती. मामा,
नमस्कार.

तुमचा प्रश्न मी मॅडमना वाचून दाखवला. त्या खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, "तुझ्या मामांनी जो प्रश्न विचारलाय ना, त्याच्यावर मी नऊ वर्षं काम करतेय." मग फळ्यावर चित्र काढून त्यांनी मला अर्धा तास समजावले. मी भांडी धुणारा माणूस, पण त्या दिवशी माझे कान गरम झाले होते. जमेल तसे लिहितो.

जीवाणू झोपलेले नव्हते. ते एकमेकांना मोजत होते.

प्रत्येक जीवाणू एक बारीकसे रसायन बाहेर सोडत राहतो. आजूबाजूला जीवाणू थोडे असतील तर ते रसायन पाण्यात पांगून जाते. संख्या वाढली की रसायन साठते, आणि साठले की प्रत्येकाला ते जाणवते. म्हणजे प्रत्येकाला कळते, आता आपण पुरेसे आहोत. त्याआधी ते गप्प बसतात, कारण थोड्यांनी हल्ला केला तर झाड सावध होऊन त्यांना मारून टाकते. पुरेसे झाले की सगळे एकाच वेळी कामाला लागतात. चिकट गाळ करून झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवतात आणि कंद विरघळवणारे पाचक रस सोडतात. तुम्ही विकास सोसायटीच्या कमिटीत होता, तुम्हाला एका शब्दात सांगतो. कोरम. कोरम भरल्याशिवाय ते ठराव करत नाहीत.

हे मी स्वतः पाहिले आहे. आमच्याकडे एक जीवाणू आहे, तो एरवी पांढरा असतो. कोरम भरला की जांभळा रंग तयार करतो. संध्याकाळी बशीवर तो पसरून ठेवला की सकाळी सगळी बशी पिकल्या जांभळासारखी. तो ऐकतो आहे की नाही हे रंगावरून कळते. काही मातीत असे दुसरे सूक्ष्मजीव असतात, जे ते निरोपाचे रसायन कापून टाकतात. मग बशीवर त्यांच्याभोवती पांढरे कडे उमटते. तिथे जांभळे जीवाणू जिवंतच असतात, फक्त बहिरे. मॅडम म्हणतात, मारायला गेले की औषधाला सरावलेले तेवढे उरतात आणि वाढतात. बहिरे करून ठेवले तर तशी पिल्लावळ लवकर तयार होत नाही.

मामा, तुमच्या पहिल्या वाफ्याची माती मला हवी आहे. चमचा उकळून गार करा, वरची चार बोटे माती बाजूला सारून खालची घ्या, नव्या पिशवीत घाला, हात लावू नका, पिशवीवर वाफ्याचा नंबर लिहा. आणि तोवर रोगट झाडे मुळाखालच्या मातीसकट खणून शेताबाहेर न्या. त्यांची सभा भरण्याआधी.

तुमचा,
साईराज

~

१ सप्टेंबर, गौरीजेवण

चि. साईराज,
आशीर्वाद.

उशीर झाला, घरात पाव्हणे हुते. माती सोबत धाडली हाय. मी खणली, पिशवीत मामीनं भरली, माझा हात थरथरतो म्हणून. चमचा दोनदा उकळला.

कोरमचं तू लय झ्याक सांगितलंस. पण एक शंका हाय, ती मॅडमना इचार. आमच्या सोसायटीत कोरम न्हाई भरला की सभा तहकूब. मग अर्ध्या तासानं तिथंच तहकूब सभा भरती, आन तिला कोरमची अट नसती. पाच माणसं बसून सगळं मंजूर करत्यात. तुझे किडे असलं काय करत न्हाईत ना?

दुसरं. बहिरा झाला म्हंजे निरुपद्रवी झाला, असं तुझ्या मॅडमला वाटतंय काय? मामीला इचार म्हणावं. पण एक खरं. तोफेजवळनं आलो आन ऐकू येईना झालं, तवापासनं मी गावच्या कुठल्या भांडणात पडलो न्हाई. हिकडनं कोण चिथवतंय, तिकडनं कोण, मला कळतच न्हाई. तेव्हा तुमची युक्ती चालंल असं वाटतंय.

रोगट झाडं काढायला सुरुवात केली हाय. सव्वीस काढली.

फिजिक्स?

हंबीरराव

~

सांगली,
५ सप्टेंबर

ती. मामा,
नमस्कार.

कडे उमटले.

घाईत लिहितो आहे, अक्षर बिघडले तर क्षमा करा. काल तुमची माती शुद्ध पाण्यात घोळवून, गाळून, त्याचा एक थेंब मॅडमनी जांभळ्या जीवाणूच्या बशीत मधोमध ठेवायला मला दिला. मला. आज सकाळी मी साडेआठलाच आलो. झाकण उचलायच्या आधीच दिसले. सगळी बशी जांभळी आणि मधोमध रुपयाएवढे पांढरे कडे, कडेला किंचित पिवळसर. तुमच्या मातीचा रंग असावा. सुई टेकवून पाहिली, तिथे जीवाणू दाट वाढलेले आहेत. मेलेले नाहीत, बहिरे झालेले आहेत.

मी धावत मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. विभागात धावू नका अशी पाटी मीच लावलेली आहे. त्यांनी बशी उजेडाकडे धरली, फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "साईराज, फोटो काढ. पट्टी शेजारी ठेवून काढ." पुढच्या शनिवारी बाहेरून तपासनीस येणार आहेत, त्यांना दाखवायच्या माहितीत मॅडम तो फोटो घालणार आहेत आणि खाली माझे नाव.

मामा, तुमच्या पहिल्या वाफ्याच्या मातीत जीवाणूंना बहिरे करणारे काहीतरी आहे. तुम्ही म्हणाला होता तेच खरे झाले.

मामींना सांगा, बेणे वाचेल.

तुमचा,
साईराज

~

८ सप्टेंबर

चि. साईराज,
आशीर्वाद.

पत्र मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा. दुसऱ्यांदा तिनंच वाचायला लावलं.

आता माझा बेत ऐक. शुक्रवारी बारा तारखेला उटाळणी हाय. चार महिन्याच्या आल्याच्या बुडाची माती हलवून जुनी मुळं तोडायची, म्हंजे नवी मुळं सुटत्यात आन कंद पोसतो, हे तुला ठाव हाय. दीपमालाची टोळी सांगितली हाय, बारा बाया. पहिल्या वाफ्याची माती खणून धा पाट्या भरून ठेवतो. उटाळणी करतानाच प्रत्येक वाफ्यात एक पाटी मिसळायची. रोगट झाडं काढायचं काम थांबवलं हाय. उगा कशाला काढायची, आता बहिरेच करायचे हायत तर.

दीपमालाची पद्धत तुला ठाव हाय. सकाळी समदी खुरपी धुती, हळदकुंकू लावती, पहिल्या वाफ्याला नमस्कार करून तिथनं सुरू. मग दुसरा, तिसरा असं करत दिवस मावळायला दहाव्यात. तण काढायच्या भांगलणीलाबी तसंच करत्यात. शिस्तीची बाई हाय, फौजेत पाहिजे हुती.

तुझा पत्ता मी सोसायटीच्या चेअरमनला दिला हाय. त्याचंबी आलं पिवळं पडलंय.

हंबीरराव

(खाली, मामींच्या अक्षरात:)
साईराज, माती नीट पोचली ना. गौरीच्या सणाला घरची माती घराबाहेर कोरडी कशी धाडायची म्हणून पिशवीत हळद आन कुंकू दोन-दोन चिमटी घालून मगच तोंड बांधलं. त्याचाच गुण आला बघ. जेवत जा वेळेवर. – सुलामामी

~

सांगली,
११ सप्टेंबर, सकाळ
(स्वतः हातात देणार)

ती. मामा,
नमस्कार.

कालच्या डाकेने तुमचे पत्र मिळाले. लगेच मामींना फोन केला. तुम्ही त्यांना म्हणालात, "लेखी असंल तर दाखव." म्हणून हे लेखी. मी पहिल्या एसटीने निघतो आहे. कराडला गाडी बदलून उंब्रजला उतरेन. तुमच्यासमोर उभा राहून मी काही ओरडणार नाही, पत्र हातात देईन. कृपया शेवटपर्यंत वाचा.

पहिले. मी चुकलो. मामींची ओळ वाचली आणि बशीचा फोटो पुन्हा पाहिला. कड्याची किनार पिवळी होती, ती तुमच्या मातीचा रंग नव्हता. हळद होती. मॅडम सांगतात, हळदीतला पिवळा घटकही त्या जांभळ्या जीवाणूला बहिरे करू शकतो. नुसत्या हळदीची एक बशी शेजारी ठेवली असती तर मला कळले असते. मी ठेवली नाही, कारण पिशवीत हळद असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हते. मी चमच्याची काळजी केली आणि मामींना विसरलो.

काल दुपारी मी मॅडमच्या केबिनबाहेर वीस मिनिटे उभा होतो. नोकरी जाईल असे वाटत होते. शेवटी तुमचे पत्र त्यांच्यासमोर ठेवले आणि मामींच्या ओळीवर बोट ठेवले. त्यांनी वाचले, चष्मा काढला, आणि संगणकातून तो फोटो काढून टाकला. मग म्हणाल्या, "शनिवारनंतर सांगितलं असतंस तर मी तुला खरंच घालवलं असतं. जा, हळदीची वेगळी बशी ओत. कुंकवाची वेगळी." मी दोन्ही ओतल्या आहेत.

तेव्हा पहिल्या वाफ्याच्या मातीत गुण आहे, हे अजून सिद्ध झालेले नाही. दहा पाट्या पसरू नका.

दुसरे, आणि हे जास्त महत्त्वाचे. काल रात्री तुमची दोन पत्रे शेजारी ठेवली. एकात रोगट झाडांची मोजणी आहे: ०, १, १, ३, ४, ७, ९, १४, १७, २३. दुसऱ्यात दीपमालामावशींच्या कामाचा क्रम आहे: पहिला, दुसरा, तिसरा, शेवटी दहावा. मामा, आकडे कामाच्या क्रमाने वाढत आहेत. रोग पाण्याने पसरला असता तर उताराने पहिल्या वाफ्यात जास्त असता. तो खुरप्याच्या पात्याला चिकटलेल्या चिखलातून जातो आहे. पहिला वाफा ठणठणीत आहे, कारण तिथे खुरपे नुकतेच धुतलेले असते. पुढच्या प्रत्येक वाफ्यात मागच्या सगळ्या वाफ्यांचे जीवाणू जातात. त्यांचा कोरम आपणच माणसे आणून भरतो आहोत.

उद्या उटाळणीत खुरपे मुळे तोडणार. प्रत्येक तुटलेले मूळ म्हणजे उघडे दार. उद्या नेहमीसारखे काम झाले तर मामींच्या बेण्यातला एकही वाफा उरणार नाही.

म्हणून: प्रत्येक बाईजवळ दोन खुरपी. प्रत्येक वाफ्यानंतर आधी साध्या पाण्यात घासून चिखल पूर्ण काढायचा (चिखल असला की औषध लागत नाही), मग ब्लीचिंग पावडरीच्या बादलीत दहा मिनिटे. तोवर दुसरे खुरपे वापरायचे. पायही धुवायचे. सहाव्यापासून पुढच्या वाफ्यांना उद्या हातच लावायचा नाही. रोगट झाडे काढायचे काम पुन्हा सुरू करायचे. ब्लीचिंग पावडर मी सांगलीहून घेऊन येतो आहे.

फिजिक्सचे उत्तर मी टाळतो आहे, हे तुम्हाला कळले असेलच. या वेळी फॉर्मच भरला नव्हता. दोनदा नापास झाल्यावर तिसऱ्यांदा हॉलमध्ये जायची छाती झाली नाही. एकाच पत्रात सगळ्या चुका सांगून टाकतो.

तुमचा,
साईराज

~

१४ सप्टेंबर

चि. साईराज,
आशीर्वाद.

तू गेल्यावर लिवतोय. समोर असताना बोललो न्हाई, कारण मी बोललो असतो तर तू रडला असतास, आन तू रडला असतास तर मामीनं मला जेवाय घातलं नसतं.

तू बांधावर पत्र हातात देऊन असा उभा राहिलास, जसं काय मी कोर्ट मार्शल करणार हाय. मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. चेअरमनला पत्ता देऊन बसलो हुतो. दुसऱ्यांदा आकडे बघितले. मग मनात म्हटलं, हंबीरा, हे आकडे तू स्वतः मोजलेस, स्वतः लिवलेस, आन दिसलं त्या पोराला. मला आधी पहिल्या वाफ्याची मातीच दिसली, कारण माझी हाय.

फौजेत आमचा एक नेम हुता. चुकीच्या जागी गोळा पडला आन ज्यानं लगेच कळवलं, त्याला शिक्षा न्हाई. ज्यानं लपवलं त्याला सोडायचं न्हाई. तू कळवलंस. दोन्ही ठिकाणी.

शुक्रवारी बारा बाया, चोवीस खुरपी, चार बादल्या. अर्धी खुरपी चेअरमनकडनं आणली. दीपमाला तोंडानं गप बसती व्हय. "आवं हवालदार, खुरप्याला वाफ्यावाफ्याला आंघोळ, आन आमाला च्या एकदाच?" मला ऐकू आलं न्हाई, असं दाखवलं. तर ती मशीनच्या कानाकडं येऊन वरडली. तिसऱ्या वाफ्यानंतर ती स्वतःच दुसऱ्या बायांवर खेकसाय लागली, "आगं ये, चिखल तसाच हाय की तुझ्या पात्याला." मी तिला तुझे आकडे दाखवले हुते. तिनं एकेका आकड्यावर बोट ठिवलं. म्हणाली, "म्हंजे मीच न्हेला की वो समदीकडं." मी म्हटलं, तू न्हाई, आपण समद्यांनी. त्या दिवशी ती जेवली न्हाई नीट. पाच वाफे झाले, सहापासनं पुढं कुणी पाय ठेवला न्हाई. धा पाट्या भरल्याच न्हाईत.

आता एक गंमत. तू म्हणालास म्हणून काल दहाव्यातली रोगट झाडं मातीसकट काढाय गेलो. चारी बाजूला समदी मेलेली, आन मधी एक झाड हिरवंगार. हाताएवढी पानं. त्याला काय झालं न्हाई. शत्रूच्या गोटात बसलंय आन मजेत हाय. ते मी काढलं न्हाई. त्याच्या बुडाची माती धाडतोय. चमचा उकळला, पिशवी मीच भरली. हात थरथरला तरी भरली.

हंबीरराव

(मामींच्या अक्षरात:) या बारीला मातीत काय घातलं न्हाई, तुझी शपथ. पाकिटाला बाहेरनं लावलंय. ते तू आत नेऊ नकोस.

~

सांगली,
५ ऑक्टोबर

ती. मामा, ती. मामी,
नमस्कार.

पाकीट मी दाराबाहेर उघडले. हळदीचे बोट लागलेला कागद माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवला, पिशवीतली माती आत नेली, हात तीनदा धुतले.

या वेळी सात बशा लावल्या. नुसते पाणी. नुसती हळद. नुसते कुंकू. पहिल्या वाफ्याची माती, तुमच्याकडून परतताना मी स्वतः आणलेली. पहिल्या वाफ्याची माती हळद घालून. दहाव्या वाफ्याची साधी माती. आणि दहाव्या वाफ्यातल्या त्या हिरव्या झाडाच्या बुडाची माती. कोणत्या बशीत काय आहे हे मॅडमनी माझ्यापासूनही लपवले, पाठीवर फक्त नंबर. म्हणाल्या, "तुझी आशा तुझ्या डोळ्यात दिसते, म्हणून."

सकाळी सातही बशा टेबलावर मांडल्या. चार पूर्ण जांभळ्या. दोन बशांत पिवळसर किनारीचे पांढरे कडे, त्या हळदीच्या निघाल्या. मामी, तुमच्या हळदीने बशीत खरेच काम केले. पण मॅडम म्हणतात, बशीत चिमूटभर म्हणजे पुष्कळ. पंधरा गुंठ्यांत ती मातीला चिकटून, उन्हाने विटून जाते. आणि पहिल्या वाफ्याची नुसती माती पूर्ण जांभळी. तिच्यात काही नाही, मामा. तो वाफा फक्त स्वच्छ होता.

सातवी बशी उरली. तिच्यात एक नव्हे, तीन छोटी पांढरी कडी, आणि प्रत्येक कड्याच्या मधोमध एक भुरकट ठिपका. पिवळे काही नाही. पाठीवरचा नंबर मॅडमनी वहीत पाहिला, पुन्हा पाहिला, आणि वही माझ्याकडे सरकवली. हिरव्या झाडाची माती.

मी या वेळी धावलो नाही. खुर्चीत बसलो. मॅडमच धावल्या, दुसऱ्या मॅडमना बोलवायला.

तो ठिपका उचलून आम्ही वेगळा वाढवला. मग मॅडम म्हणाल्या, जांभळा जीवाणू बहिरा झाला म्हणून आल्यावरचा होईलच असे नाही, दोघांचे निरोप वेगळे असू शकतात. म्हणून थेट आल्यावर पाहिले. आल्याच्या चकत्या निर्जंतुक करून घेतल्या. निम्म्यांवर तुमच्या शेतातला रोगाचा जीवाणू एकटा, निम्म्यांवर तो आणि हा भुरकट पाहुणा दोघे. पाचव्या दिवशी काडी टेकवली. एकट्याच्या चकत्या लोण्यासारख्या दबल्या. दोघांच्या चकत्यांवर काडी वाकली. त्याच वेळी आणखी तीन संच लावले होते. तिन्ही संचांत तसेच, काडी वाकली. वाकलेली एक काडी या पत्रासोबत पाठवतो, निर्जंतुक केलेली आहे.

मॅडमनी बजावले आहे की ही प्रयोगशाळेतली गोष्ट आहे. शेतात उतरवायला दोन-तीन वर्षे तरी जातील आणि तेव्हाही चालेल याची खात्री नाही. तोवर खुरप्याची बादली हेच औषध. चेअरमनना तेच लिहून पाठवले आहे.

तुमच्या तहकूब सभेचा प्रश्न मी विचारला. मॅडम हसल्या, मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, मामांनी नेमके धरले. निरोप कापणारा पाहुणा मातीतून नाहीसा झाला की तीच सभा पुन्हा भरते, आणि काही जीवाणू तर कोरमशिवायही थोडेफार नुकसान करतात. म्हणून एकदा तहकूब करून भागत नाही.

नव्या जीवाणूच्या कुपीवर लेबल लावायचे होते. मॅडमनी पेन मला दिले. मी लिहिले: "वाफा १०, हिरवे झाड." नोंदवहीत शोधणाऱ्याच्या रकान्यात मॅडमनी दोन नावे लिहिली आहेत. तुमचे आधी, माझे नंतर.

तुमचा,
साईराज

~

१२ ऑक्टोबर

चि. साईराज,
आशीर्वाद.

काल पुन्हा समदे वाफे मोजले. पहिल्या पाच वाफ्यात उटाळणीनंतर नवं रोगट झाड एकच, चौथ्यात, ते काढलं. मागल्या पाचातली जमीन यंदा गेली, तिथं आता दोन-तीन वर्सं आलं लावायचं न्हाई. पण पहिला, दुसरा, तिसरा उभे हायती. मामी रोज सकाळी जाऊन बघती. काल तिसऱ्या वाफ्यातला एक कंद उकरून बघितला, नाकाला लावला, पुन्हा मातीत दाबला. म्हणाली, एवढ्यात बेणं हुतंय. मी ग्लासात बघायचं म्हटलं तर म्हणाली, "बघा की, मी कुठं न्हाई म्हणती." बघितलं. अर्धा तास धरून बसलो. पाणी नितळ.

दहाव्यातलं ते झाड मी कुंपण घालून ठेवलंय. दीपमाला जाता-येता त्याला "साहेब" म्हणती.

काडी मिळाली. देवघरात ठिवलीय, मामीनं.

तहकूब सभेचं मॅडम म्हणत्यात ते खरं हाय. मग दर साली तहकूब करू. त्याला काय.

आता शेवटचं, आन हे तोंडी न्हाई. बारावीला पुन्हा बसणाऱ्यांचे फॉर्म याच महिन्यात सुटत्यात, असं मला शाळेतनं कळलं. सात बशा लावून स्वतःची चूक शोधणाऱ्या पोराला एका पेपरचं भ्या वाटतंय, हे मला पटत न्हाई. मॅडमना मी वेगळं पत्र धाडलंय, त्या तुला संध्याकाळी तासभर सोडतील. भौतिकशास्त्राचा फॉर्म भर आन पावतीची प्रत डाकेनं धाड.

हा लेखी हुकूम समज.

हंबीरराव